तिसऱ्या कोळपणीचा निकाल

सोलापूरबाहेरच्या शेती संशोधन केंद्रावर मी नोकरीला लागलो तेव्हा सगळी आकडेमोड हातानं चालायची. ज्वारीच्या प्रत्येक तुकड्याचं वजन मांडायचं, सरासरी काढायची, आणि जिची सरासरी जास्त ती पद्धत चांगली. आमच्या साहेबांनी असंच बरीच वर्षं खपून एक गोष्ट धरली होती. उभ्या ज्वारीच्या ओळींमधून बैलांचं कोळपं फिरवून माती हलवायची; अशा नेहमीच्या दोन कोळपण्यांवर तिसरी घातली की जमिनीच्या भेगा बुजतात, ओल टिकते आणि दाणा वाढतो. मंद्रूपच्या बाजारात ते स्वतः उभे राहून हे सांगत. काळ्या मातीचं ढेकूळ हातात फोडत बोलत, म्हणून लोक ऐकत.

मग केंद्रावर दांडा फिरवून चालवायचं आकडेमोडीचं यंत्र आलं. एकाच रानातले दोन शेजारचे तुकडे मुळातच किती वेगळे असतात, हे काढायचं नवं गणित मी शिकून आलो होतो. हातानं ते करायचं तर हंगाम गेला असता. यंत्रावर ते जेवणाच्या सुट्टीआधी उरकू लागलं. मी हरखून गेलो होतो. त्या भरात साहेबांचे जुने आकडे काढून बसलो. तिसऱ्या कोळपणीचा फायदा उरलाच नाही. जमिनीच्या बऱ्यावाईटपणानं पडावा तेवढाच तो फरक होता.

"पुन्हा करून बघा," साहेब म्हणाले.

पुन्हा केलं. मग त्यांनी कोट काढून खुंटीला लावला आणि स्वतः दांडा फिरवायला बसले. मी आकडे वाचत गेलो. उत्तर तेच आलं. त्यांच्याकडे बघायची मला लाज वाटत होती, म्हणून मी उगीच कागद सारखे करत राहिलो.

"बाजाराला मंद्रूपला जाऊ," कोट पुन्हा अंगात घालत ते म्हणाले. "सांगितलं आपण. परत घ्यायलाही आपणच जायला हवं."

बाजारात त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं, की तिसऱ्या कोळपणीनं पीक वाढतं असं आता आम्हाला म्हणता येत नाही. कुणी हसलं नाही, हसले असते तर बरं झालं असतं. नवरा गेल्यावर एकटीनं रान सांभाळणारी एक बाई पुढं आली. तिसऱ्या कोळपणीसाठी तिनं शेजाऱ्याचे बैल सावडीनं घेतले होते आणि त्याबदली त्याच्या रानात काढणीला राबली होती. मागच्या खेपेला हे तिनंच आम्हाला अभिमानानं सांगितलं होतं.

"मंजी ते खोटं व्हतं?"

"खोटं नव्हतं, बाई. आम्हाला तसं खरंच वाटत होतं," साहेब म्हणाले.

"मग आता काय करू? वल तर जातीच की."

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. मी नव्या यंत्राबद्दल दोन वाक्यं बोललो आणि मलाच ती ऐकवेनात. तिनं विचारलं होतं ते वेगळंच होतं, ओल कशी धरायची ते. साहेबांनी चाचरत विचारलं, तुमच्या रानात पट्टे आखून नव्यानं प्रयोग करू का?

"आता न्हाय," ती म्हणाली. मग टोपलीतला हरभऱ्याचा डहाळा तिनं साहेबांच्या हातात दिला. "लांबनं आलाय."

परतीच्या टांग्यात तो डहाळा आमच्या दोघांमध्ये पडून होता. दोघांनीही घाटा सोलला नाही.

पुढं साहेबांची बदली झाली. यंत्र राहिलं, मीही राहिलो. उताराला आडवे बांध घातले की ओल धरते, हे आम्ही वेगवेगळ्या रानांत करून पाहिलं. यंत्रावर तो फरक पक्का ठरला. यंत्राशिवाय आम्हाला तो इतक्या लवकर सांगता आला नसता, हेही खरं. बांधांचं सांगायला मी मंद्रूपला गेलो. त्या बाईच्या रानाकडं फुटणारी वाट आली, तेव्हा टांगेवाल्यानं विचारलं, "हितं थांबायचं व्हय?"

मी पुढं चल म्हणालो.