आवळ्याच्या भरवशावर

हे मी आजवर कुणापुढं बोललेलं नाही. नवऱ्यापुढंही नाही. तुम्हालाच पहिल्यांदा सांगतेय.

मी इथंच, संभाजीनगरात, औषधशास्त्र शिकवते. संशोधन करत होते तेव्हाचा माझा विषय — बुरशी लागलेल्या मक्यातलं विष मेंदूच्या पेशी मारतं. सोबत आवळ्याचा अर्क दिला तर त्या वाचतात का? उंदरांचे दोन गट होते. नुसतं विष द्यायचा गट मैत्रिणीकडं, विष आणि आवळा दोन्ही द्यायचा माझ्याकडं. एक दिवस एक उंदीर मला कडकडून चावला. रक्त आलं. आणि मी घाबरले — उंदराला नाही, हातातल्या विषाला. जखमेत गेलं तर? तेव्हापासून माझ्या गटाला मी फक्त आवळा दिला. विष दिलंच नाही. सरांनी विचारलं, “दोन्ही देतेस ना?” मी म्हणाले, “हो सर.”

मग काय — माझ्या उंदरांचे मेंदू ठणठणीत निघाले. पदवीचे पेढे घेऊन चितेगावला दादाकडं गेले, वर मिरवूनही आले. आवळ्यानं मेंदू वाचतो म्हणून.

पुढं एका वर्षी दादाच्या मक्याच्या गोण्यांत ओल शिरली. मी गेले तेव्हा वहिनी त्याच काळपट दाण्यांचं पीठ मळत होती. वास आलाच मला.

“वहिनी, टाकून द्या हा मका.”

दादा हसला. “अगं, आवळ्याचं चूर्ण घेतोय की आम्ही सगळे. तुझाच शोध हाय ना?”

तिथं सांगता आलं असतं. नसतं का आलं? पण मला आधी काय दिसलं — माझी पदवी, माझी नोकरी. मी म्हणाले, “व्हय.”

आणि ताटं वाढली तेव्हा म्हणाले, मला भूक नाही.

नंतर वहिनीचे हात थरथरायला लागले. बोलताना शब्द सापडेनात. दवाखान्यात मीच सोबत होते. डॉक्टरांनी विचारलं, “खाण्यात काही खराब आलं होतं?” दादानं माझ्याकडं बोट केलं. “साहेब, घरात ही शिकलेली हाय. हिला इचारूनच खातो आम्ही.”

डॉक्टर माझ्याकडं वळले. “नाही,” मी म्हणाले, “खाण्यात काही नव्हतं.”

मक्यानंच झालं का? डॉक्टरांना सांगता आलेलं नाही. मलाही ठाऊक नाही. पण त्यांनी जिथं शोधायला हवं होतं, ते दार मी लावून घेतलं — कळत असताना. वहिनीला आता सुईत दोरा ओवता येत नाही. मी गेले की अजून विचारते, काय खाऊ, काय नको.

दादाच्या दोन्ही पोरींनी तीच भाकरी खाल्ली आहे. दादाचा फोन वाजला की मी तो लगेच उचलत नाही.

काल आला होता. धाकटीच्या हातून दुधाचा पेला निसटला म्हणे, परत. “लई धांदरट हाय पोरगी,” म्हणाला आणि हसला.

मीही हसले.