होडीवाला छोट्या

ताईंचं काम खोटे दात बनवण्याचं. दातांच्या डॉक्टरांकडून साचे यायचे आणि त्यावरून ताई दिवसभर कवळ्या घडवायच्या. पाच दिवस मान खाली घालून काम केलं की शनिवारी त्यांना घरात राहवत नसे. नवरा, लेक आणि तंबू गाडीत घालून त्या जिथे पाणी दिसेल तिथे जायच्या.

धाकटा भाऊ मात्र चार वर्षांपासून परदेशात होता. सहा फूट उंच झाला तरी घरात त्याचं नाव छोट्याच. मोठ्या प्रवासी जहाजावर स्वयंपाकघरात नोकरी लागली म्हणून तो गेला, तेव्हा निरोप द्यायला अख्खी बिल्डिंग खाली उतरली होती. दर रविवारी त्याचा आईला फोन यायचा. "कामावर कॅमेरा चालत नाही," म्हणायचा, म्हणून नुसता आवाज. तेवढ्या आवाजावर आईचा आठवडा निघायचा.

त्या शनिवारी नेहमीच्या नदीकाठी पाय ठेवायला जागा नव्हती, म्हणून ताईंचे यजमान गाडी पुढे एका तळ्यावर घेऊन गेले. तंबू लागला, चहा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी लेकीनं होडीचा हट्ट धरला, तशा ताई तिला घेऊन धक्क्यावर आल्या.

होडीवाला पाठमोरा उभा राहून कुणाला तरी लाइफ जॅकेट चढवत होता. उन्हानं रापलेला, वाढलेली दाढी, डोळ्यांवर ओढलेली टोपी. लेकीकडे वळून तो हसला आणि ताईंच्या हातातली पाण्याची बाटली खाली पडली. त्याचा पुढचा दात ताईंनी स्वतः बनवलेला होता! रंग जुळेना म्हणून तीनदा मोडून पुन्हा केलेला. हजार दातांत त्यांनी तो ओळखला असता.

"छोट्या?"

त्याचं हसू तिथेच गोठलं. "ताई," तो कसाबसा म्हणाला, "आईला सांगू नकोस."

ताई धक्क्याच्या फळ्यांवर बसल्या. लेकीला काहीच कळेना. "मामा जहाजावर असतो ना?" तिनं विचारलं. ताईंनी तिला तंबूकडे, बाबांकडे पिटाळलं.

"कधी आलास?" त्यांनी विचारलं.

"गेलोच नव्हतो," छोट्या म्हणाला.

बंदरावर पोचल्यावर कळलं होतं की जहाज खरं, पण नोकरी खोटी. एजंट पसार. तो तिथल्याच एका बाकावर बसून होता, तेवढ्यात आईचा फोन आला. "जहाजावर पोचलास का रे?" मागे शेजारपाजारचे सगळे ऐकत होते. त्याच्या तोंडून निघून गेलं, "पोचलो." पुढच्या रविवारी खरं सांगू, असं तो दर रविवारी ठरवायचा. वर्षभर इकडेतिकडे भटकला, मग या तळ्यावर टिकला. घर गाडीनं दोन तासांवर!

"अरे, बाबांच्या ऑपरेशनच्या वेळी तुला सुट्टी मिळाली नाही म्हणून आई किती रडली!" ताईंचा आवाज फाटला.

"आलो होतो. हॉस्पिटलच्या फाटकाबाहेर दिवसभर उभा होतो. तू बाहेर येऊन केळी घेतलीस."

रागवावं की त्याला जवळ घ्यावं, ताईंना काहीच सुचेना. तेवढ्यात त्यानं घड्याळ पाहिलं आणि सवयीनं खिशातून फोन काढला. रविवार होता.

"हां आई, मजेत आहे. इथे काय, थंडीनं बोटं आखडलीत." त्याच्या कपाळावरून घामाच्या धारा लागल्या होत्या. इतकं सराईत खोटं ऐकून ताईंनी त्याच्या हातातून फोन ओढून घेतला.

"आई, मी बोलतेय."

"तू? तू त्याच्याजवळ कशी गं?"

ताईंनी सगळं सांगितलं. मग आईचा आवाज आला, कोरडाठाक. "तंबू राहू दे तिथेच. त्याला गाडीत घाल आणि आधी घेऊन ये."

छोट्या घरी आला. आईनं दार उघडलं, त्याला आपादमस्तक न्याहाळलं आणि फाडकन एक मुस्काटात मारली. मग आत जाऊन पलंगावर बसली. चार दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. ताट मात्र वाढत होती. बाबा एवढंच म्हणाले, "केळ्यांच्या वेळी आत यायला हवं होतंस."

शेजाऱ्यांना आईनं स्वतःच सांगून टाकलं, "माझा मुलगा तळ्यावर होड्या चालवतो." पुढचं विचारायची कुणाची छाती झाली नाही. छोट्या पुन्हा कामावर गेला. आता दर आठवड्याला एक दिवस घरी येतो. ताई आणि लेक सुट्टीत त्याच्याकडेच तंबू ठोकतात, पण त्याचा फोन आला की ताई अजून आधी विचारतात, "खरं सांग, कुठून बोलतोयस?"

आई मात्र तळ्यावर अजून गेलेली नाही.