निघताना ‘येतो’

नांगर टाकून पडलेल्या बोटीच्या बुडाला शिंपले चिकटतात. कितीही खरवडा, पुन्हा साठतातच. इथले किस्सेही तसेच.

फ्लोरिडातल्या एका खाडीत डझनभर बोटी हिवाळाभर नांगर टाकून राहतात. ती आमची वस्ती. पार्सिपनीतली आयटीची नोकरी सोडून माझ्या नवऱ्याने, श्रीकांतने, एक जुनी शिडाची बोट घेतली आणि मलाही तिच्यावर राहायला आणलं. बोटीचं नाव ठेवलं ‘येतो’!

*

शेजारच्या बोटीवर अर्ल राहतो. सत्तरीचा, एकटा. त्याने पहिल्याच भेटीत विचारलं, “येटो? म्हणजे बर्फातला तो केसाळ राक्षस?”

श्रीकांत म्हणाला, “आम्ही घरातून निघताना ‘जातो’ म्हणत नाही. अशुभ असतं. ‘येतो’ म्हणतो. म्हणजे, आय ॲम कमिंग.”

“निघताना कमिंग? मग बायकोने वाटच बघत बसायची!”

*

रोज सकाळी रेडिओवर हजेरी होते. डॉटी, रिटायर्ड नर्स, एकेका बोटीचं नाव पुकारते. दोनदा पुकारून उत्तर आलं नाही, तर जवळच्याने डिंगीतून, म्हणजे छोट्या होडीतून, जाऊन बघायचं.

एकदा आमच्या रेडिओची बॅटरी संपली. थोड्या वेळात अर्ल हाफ चड्डीवर, कुडकुडत, हातात कुऱ्हाड घेऊन आमच्या डेकवर!

“जिवंत आहात का?”

“चहा होईपर्यंत तरी आहोत,” श्रीकांत म्हणाला. “पण कुऱ्हाड कशाला?”

“दार आतून बंद असलं तर? मागच्या वर्षी एकाचं होतं.”

*

डॉटी स्वतःच्या बोटीचंही नाव पुकारते, आणि स्वतःच “हियर!” म्हणते. नवरा गेल्यापासून ती एकटीच आहे.

मी विचारलं, “हे कशाला?”

“एखाद्या दिवशी मी ‘हियर’ म्हटलं नाही, तर तुम्हाला कळायला नको?”

*

जानेवारीत उत्तरेचं बोचरं वारं सुटलं होतं. पिण्याचं पाणी संपलेलं. श्रीकांत कॅन घेऊन डिंगीत उतरला.

“येतो गं.”

डिंगी अर्लने ओढत आणली. श्रीकांत जेटीवरच कोसळला होता. कॅन भरलेले होते.

ते पाणी मी कोणाला हात लावू देईना. शेवटी डॉटी म्हणाली, “वापरून टाक, मीना. ठेवलंस तर ठेवूनच देशील.”

त्याचा मी चहा केला. आम्ही तिघं प्यायलो. साखर घालायची राहिली होती.

*

मुलगा अमेय शॉमबर्गहून रोज फोन करायचा. “आई, जस्ट सेल इट. यू कान्ट लिव्ह देअर अलोन.”

गिऱ्हाईकही त्यानेच शोधलं. ते म्हणालं, “बोट छान आहे. ते विचित्र नाव तेवढं आधी पुसणार.”

मी बरं म्हटलं. सही शॉमबर्गला पोचल्यावर करायची होती.

*

निघायच्या दिवशी अर्लने मला डिंगीतून किनाऱ्यावर आणलं. टॅक्सी उभी होती. बॅग त्याच्या हातात.

“जाते, अर्ल.”

त्याने बॅग सोडली नाही. “राँग वर्ड.”

“अर्ल, टॅक्सी थांबलीय.”

“श्रीने शिकवलंय मला. नीट म्हण.”

टॅक्सीवाल्याने हॉर्न दिला.

“येते,” मी म्हटलं.

“ओके!” अर्ल म्हणाला, आणि त्याने बॅग पुन्हा डिंगीत ठेवली.