पंखा कॉम्प्युटरला, घाम वहिनींना

आमच्या शेजारच्या दादूच्या घरात टेबलफॅन एकच, आणि त्याचा वारा कॉम्प्युटरला. बायको मथुरावहिनी पदराने वारा घेत बसतात. कॉम्प्युटर म्हातारा, बाजूचा पत्रा काढून पंख्यासमोर ठेवला नाही, तर तापून मध्येच बंद पडतो.

दादू त्यावर अख्ख्या पूर्णगडचे फोटो सुधारून देतो. नवं सॉफ्टवेअर त्या मशीनला झेपत नाही, म्हणून एक जुनं, हलकं टाकलंय. तेही एका वेळी एकच फोटो घेतं. दुसरा उघडायला गेलात की स्क्रीन गोठलीच!

वहिनींच्या लग्नाच्या फोटोवर बुरशीचे डाग पडलेले. तो सुधारायला सांगितलं की दादू म्हणायचा, "मोठा फोटो आहे गो, मशीनला झेपायचा नाही." आणि परवा बघतात तर काय, गावातल्या समीक्षाचा, तिच्या बोटीवर नोकरीला असलेल्या नवऱ्याला पाठवायचा फोटो हा स्क्रीनला नाक लावून सजवतोय!

मी आपलं सहज खिडकीतून म्हटलं, "वहिनी, जेवण झाल्यापासून तिचे गालच पुसतोय हां."

झालं! वहिनींनी पंखा उचलून स्वतःकडे फिरवला. थोड्या वेळाने कॉम्प्युटरने डोळे मिटले. समीक्षाचे गाल सेव्ह केलेले नव्हते.

"अगो, काय केलंस हे?"

"आता माझा उघडा. आणि पुरा होईस्तोवर बंद करायचा नाही. बघू दुसरी कुठून शिरते ती!"

बिचाऱ्याने पंखा परत मशीनकडे वळवला, फोटो लहान करून घेतला, बाकीचं सगळं बंद केलं आणि डाग पुसायला बसला. समीक्षा दोनदा येऊन गेली. "मशीन अडकलंय," वहिनींनी दारातूनच वाटेला लावलं.

संध्याकाळी काम उरकून दादूने पंखा वहिनींकडे फिरवला आणि हाक मारली. फोटोवर एक डाग नाही. वहिनी कौतुकाने वाकल्या आणि एकदम ताठ झाल्या.

"ही कोण?"

"तूच गो."

"एवढी गोरी? आणि हनुवटीवरचा तीळ? माझ्या जागी कोणाला आणून बसवलीत?"

हाताच्या सवयीने दादूने गिऱ्हाइकांसारखाच बायकोचाही तीळ पुसला होता.

"दादू, बरी दिसते रे, हिलाच ठेव," मी म्हटलं. वहिनींनी अशी नजर टाकली की मी खिडकी ओढून घेतली. फट तेवढी ठेवली.

केलेलं रद्द करायचं तर ते सॉफ्टवेअर एकच पायरी मागे जातं. म्हणजे पुन्हा मूळ फोटोपासून सुरुवात. दादूने तो उघडला. वहिनींनी आपल्या हाताने पंखा कॉम्प्युटरकडे वळवला, खुर्ची ओढून त्याला चिकटून बसल्या.

"तिळाला हात लावाल तर बघा."