दोर धरल्याशिवाय नाव नाही

पैनगंगेच्या अलीकडे निजामाचा मुलूख, पलीकडे वऱ्हाड. मधे चाँद पाशाची नाव. अडतीस सालच्या आखाडात तो तापाने गेला आणि त्याच्या बायकोपुढे, रहिमाबीपुढे, एकच घोर उरला: नाव हातात राहते की जाते. नावेने नेल्या-आणल्याबद्दल दोन्ही काठांची गावं सुगीला ज्वारी घालत. नाव गेली की चूल गेली.

तातेराव पाटलांनी नाव तांड्यावरच्या फुलसिंगला दिली. बाईच्या अंगात तेवढा जोर नाही, असं त्यांचं म्हणणं. ते खोटं नव्हतं. फुलसिंग दोन पोती एका दमात उचलणारा गडी. पण त्याने नाव उतारावरून, माणसं चढतात त्या जागेवरूनच, पाण्यात लोटली आणि समोरचा उतार धरून नेटाने वल्हवली. धार आडवी लागली. माणसं अर्धा कोस खाली बोरीच्या काट्यात उतरली.

रहिमाबी काठावरून पाहत होती. जोर पुरेसा होता, लागत होता चुकीच्या जागी. चाँद पाशा आधी दोराने नाव काठाकाठाने वर न्यायचा, पार चिंचेपर्यंत. येताना पलीकडच्या बाभळीपर्यंत. तिथून सोडली की धारच तिला उताराला आणून लावायची. सतरा पावसाळे रहिमाबीने त्याच्यासोबत वल्हं मारलं होतं. ओढणं तेवढं तिच्याच्याने होत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पाटलांनाच पलीकडे जायचं होतं. मला जमत न्हाई, भाभीला इचारा, असं फुलसिंगनेच सांगितलं. पाटील आणखी पाच जणांसोबत नावेत बसले. रहिमाबीने दोर पुढे केला.

"उतरा पाटील. दोर धरा."

"आमी बसायला आलो, वढायला न्हाई."

"मंग बसा. खाली बोरी हाईतच."

पाच जण हसत उतरले. फुलसिंग दोराच्या पुढच्या टोकाला लागला. पाटील जरा वेळ तसेच बसले, मग धोतर खोचून उतरले. चिंचेपाशी सगळे चढले, रहिमाबीने वल्हं धरलं. नाव नेमकी पलीकडच्या पायरीच्या दगडाला लागली.

पाटलांनी तळहातावरचे वळ पाहिले. "तुझ्या नवऱ्यानं कधी वढायला लावलं न्हाई."

"ते एकटे वढायचे. मला सात लागतात."

नाव तिच्याकडेच राहिली, आणि आधी दोर, मग नाव, हा रिवाज पडला.

अठ्ठेचाळीस साली निजाम शरण आला, आणि त्याच्या रझाकारांच्या धास्तीने वऱ्हाडात गेलेली घरं भादव्याअखेर परतू लागली. रहिमाबीने नाव पलीकडे लावली तेव्हा काठावर वीस-बावीस माणसं उभी होती. मुसलमान बाईच्या नावेत पाय टाकायला कोणी पुढे होईना. तिने दोराचं टोक तेवढं काठावर टाकलं.

त्यांच्यात सगळ्यात म्हातारे तातेराव. ते वाकले, दोर खांद्यावर घेतला.

"धरा रे," ते म्हणाले. "बाभळीपर्यंत वढायचंय."