आत्याचा डावा डोळा

आमची आत्या पाणीपुरवठा कार्यालयाच्या तक्रार खिडकीत सव्वीस वर्षं बसत होती. काचेला खाली अर्धगोल भोक. त्यातून अर्ज आत येई आणि पावती बाहेर जाई. समोरचा ओरडो, रडो, नळाचं गढूळ पाणी बाटलीत भरून आणो, आत्याच्या चेहऱ्यावरची रेषा हलत नसे. "तुमची तक्रार नोंदवली आहे," ती म्हणे, आणि माणूस निम्मा शांत होऊन जाई. निम्माच, कारण पाणी काही लगेच येत नसे.

बावन्नाव्या वर्षी, एका सोमवारी तिचा डावा कान ठणकू लागला. माझे बाबा तिचे थोरले भाऊ. अशा प्रसंगी ते कुणाला विचारत बसत नाहीत. "मळ असेल. कोमट तेल घाल," त्यांनी निकाल दिला. आत्या लहानपणापासून दादाचं ऐकत आलेली. चार दिवस तेल झालं. कानात बारीक फोड आले, तेव्हा बाबा म्हणाले की तेल लागू पडतंय.

शुक्रवारी सकाळी चूळ भरताना पाणी तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून अंगावर सांडलं. तिने पुन्हा चूळ भरली. पुन्हा तेच. मग ती भिंतीचा आधार घेत स्वयंपाकघरात आली.

"दादा," ती म्हणाली, "माझं तोंड गळतंय."

चेहऱ्याची उजवी बाजू नेहमीची होती. डावी उतरली होती, आणि त्या बाजूचा डोळा मिटत नव्हता. "अर्धांगवायू," आई म्हणाली. बाबांनी तेलाची बाटली उचलून फडताळात अगदी मागे ठेवली.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई तिशीच्या असतील. त्यांनी आत्याला हात वर करायला लावले, चालायला लावलं, भुवया उंचावायला सांगितल्या. डाव्या कपाळावर आठी पडली नाही. "हातपाय ठीक आहेत, आणि झटक्यात कपाळ सहसा हलतं, यांचं तेही हलत नाही. म्हणजे मेंदूतला झटका दिसत नाही," त्या म्हणाल्या. मग कानात बॅटरी मारून पाहिलं. "लहानपणी कांजिण्या आल्या होत्या?"

"आठव्या वर्षी. दादाने शाळेतून आणल्या होत्या."

"तो विषाणू अंगातून गेलाच नव्हता. चेहऱ्याच्या नसेच्या मुळाशी गप्प पडून होता, तो आता उठलाय. नस सुजलीय, आणि ती जाते हाडातल्या बारीक बोगद्यातून. फुगायला जागा नाही, म्हणून आवळली गेलीय."

"चव्वेचाळीस वर्षं काय करत होता तो?" बाबांनी विचारलं.

"काही नाही."

"मग आताच का उठला?"

"वय, थकवा, काळजी. कधी कधी कारण सापडतही नाही. पहिल्या तीन दिवसांत गोळ्या सुरू झाल्या तर जास्त फायदा होतो. आधी का नाही आलात?"

आत्याने बाबांकडे पाहिलं. "मळ असेल असं वाटलं," ती म्हणाली. कुणाला वाटलं ते तिने सांगितलं नाही.

रजा काढली. गोळ्या, दिवसभर डोळ्यात थेंब, आणि झोपताना पापणीवर चिकटपट्टी. जिभेच्या डाव्या बाजूला चव लागेना. आत्याने आरशावर टॉवेल टाकला आणि ताट स्वतःच्या खोलीत न्यायला लागली. एकदा मी पाणी द्यायला गेले तर ती रडत होती, आणि पाणी फक्त उजव्या डोळ्यातून येत होतं. "अर्ध्या भागात पुरवठा बंद आहे," ती म्हणाली आणि माझ्या हातातला पेला घेतला.

चेहऱ्याचे व्यायाम होते. बाबा रोज संध्याकाळी तिच्यासमोर बसत आणि स्वतःही करत. त्यांच्या चेहऱ्याला काही झालेलं नव्हतं.

"कांजिण्या मीच दिल्या तुला," एका संध्याकाळी ते म्हणाले.

"दहा वर्षांचा होतास तू."

"तेल तर आत्ताचं आहे."

"तेल मी घातलं. ओठांचा चंबू कर."

बाबांनी चंबू केला.

चौथ्या महिन्यात गाल हलला. आठव्या महिन्यात तोंड बरंचसं जागेवर आलं, पण बोलायला गेलं की डावा डोळा आपोआप मिटायचा. नस पुन्हा वाढताना तिचे काही धागे चुकीच्या स्नायूकडे गेले होते.

"म्हणजे कनेक्शन चुकलं," आत्या म्हणाली.

"तसंच काहीसं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सरावाने कमी होईल. पूर्ण जाईलच असं नाही."

"आम्हीही लोकांना असंच सांगतो."

ती खिडकीत परतली. "तुमची तक्रार नोंदवली आहे," म्हणताना डोळा मिटे. पंधरवड्यात गावभर झालं की खिडकीतल्या बाई डोळा मारतात, आणि मारला की काम नक्की होतं. एका निवृत्त मास्तरांनी गंभीरपणे उलट डोळा मारला. साहेबांनी आत्याची बदली फायलींच्या खोलीत केली. तिथे ती दोन आठवडे बसली आणि साहेबांकडे गेली.

"मला खिडकी परत द्या."

"बाई, लोकांचा गैरसमज होतो."

"मी दूर करते. तिथे दिवसभर कुणी बोलायला नाही. डॉक्टरांनी तोंड हलवायला सांगितलंय."

साहेबांना यावर नियम सापडला नाही. दुसऱ्या दिवशी काचेवर पुठ्ठा लागला: 'खिडकीतील कर्मचाऱ्याचा डावा डोळा आजारपणामुळे मिटतो. ते आश्वासन समजू नये.'

लोक पुठ्ठा वाचत आणि कसला आजार ते विचारत. आत्या सांगे. रांग लांबू लागली. एका सकाळी बेकरीत काम करणारी एक बाई पाण्याच्या कमी दाबाची तक्रार घेऊन आली. तिची ओठाची कड किंचित खाली होती.

"कान दुखतोय?" आत्याने विचारलं.

"कालपासून. तुम्हाला कसं कळलं?"

आत्याने साडेदहा वाजता 'जेवणाची सुट्टी' पाटी लावली आणि तिला टॅक्सीत घालून दवाखान्यात नेलं. दुखणं सुरू झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी गोळ्या सुरू झाल्या. दोन महिन्यांत त्या बाईचा चेहरा पूर्ववत झाला.

रांगेत मागे राहिलेल्या अकरा जणांनी त्या दिवशी लेखी तक्रार केली. दुपारी परत आल्यावर आत्याने ती नोंदवून घेतली, अकराही जणांना पावत्या दिल्या आणि सगळ्यांकडे बघताना तिचा डोळा मिटला.