विहिरीपासून तिसरं झाड

शिरूरजवळच्या जुन्या मिशनच्या जागेत कडुनिंबांचं बन आहे. आता तिथे गावाचं वनउद्यान झालंय. बसायला बाकं, फिरायला फरशीची वाट, फाटकाशी तिकीटखिडकी. आत इतिहासाचा फलक आहे, तो मीच लिहिलाय. दुष्काळात मिशननं निंब लावले, एवढंच त्यात आहे. झाडांखाली काय आहे, ते लिहायला हात धजला नाही.

खाली मुलं आहेत. आमच्या ख्रिस्ती वस्तीत तान्हं मूल गेलं की त्याला क्रूस नसे. बाप त्याच्यावर निंब लावायचा, आणि कुठला ते आईला सांगायचा नाही. सांगितलं तर ती तिथून उठायचीच नाही, असं म्हणत. माझा थोरला भाऊ आठ दिवसांचा होऊन गेला. आईला त्याचं झाड कधीच कळलं नाही.

पुढे वडील गेले, आईची नजर काचबिंदूनं गेली. गेल्या वर्षी फाटकासाठी एक झाड पाडायचं ठरलं, तेव्हा उद्यानाच्या समितीत मीही होतो. बिनदिक्कत सही ठोकली. महिन्याभरानं वडिलांच्या बायबलात घडी घातलेला कागद सापडला. 'थोरला. विहिरीपासून तिसरं झाड.' मी धावतच गेलो, मोजलं. पहिलं, दुसरं, आणि मग तिकीटखिडकी.

कागद मी लपवला. पण यंदा आईनं हट्ट धरला. "तुझा बा गेला, आता कुनाला भ्यायचं? मला तिथं ने. माझं मी वळखीन."

कुठल्याही निंबाला हात लावून देऊ, म्हातारीला काय कळतंय, असं म्हणून मी तिला दुपारचा घेऊन गेलो. बनात पान हलत नव्हतं. एरवी वीट आणणारे कावळेही गप्प होते. एका डेरेदार झाडाशी थांबून मी म्हणालो, "हे आपलं, आई."

तिनं सालीवर तळवा ठेवला. "न्हाई. ही पोरगी हाय."

पुढच्या झाडाशी ती जरा रेंगाळली, "ह्ये जुळं," म्हणाली. मग माझा हात सोडून एकटीच निघाली, काठी न टेकता, थेट फाटकाकडे.

खिडकीतल्या बाईनं विचारलं, "आजी, तिकीट हवंय?" आई खिडकीच्या दोन हात अलीकडेच थांबली होती. तिनं दोन्ही हात पुढे केले आणि ते मोकळ्या हवेत अडले. बोटं वरखाली फिरली, खोडाच्या गाठी चाचपावीत तशी. मग तिनं गाल टेकवला. पुरती कलली होती, पण तोल जात नव्हता. मला भीती वाटली, आणि त्याहून जास्त लाज.

"केवढा झालाय," आई म्हणाली. बराच वेळ ती तशीच होती. मग माझ्या दिशेनं मान वळवून म्हणाली, "फाटकासाठी झाडं पाडत्यात म्हनं. ह्याला कुनाला हात लावू दिऊ नगंस."

"नाही देणार, आई."